वेगमर्यादाभंगाचा खटला आणि रस्त्यावरील संभाषण

कायद्याची भाषा म्हटली की अधिनियमांची, निवाड्यांची आणि दस्तऐवजांची भाषा डोळ्यांपुढे येते. तिचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. परंतु सामान्य नागरिकाचा कायद्याशी पहिला, आणि बहुधा एकमेव, संबंध येतो तो लिखित भाषेतून नव्हे. तो येतो रस्त्याच्या कडेला, मोटारीच्या खिडकीतून झालेल्या दोन-चार मिनिटांच्या बोलण्यातून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जेथे मोटारीवाचून दैनंदिन व्यवहार जवळजवळ अशक्य आहे, ह्या संभाषणाला विशेष महत्त्व आहे. मोटार थांबविण्यास पुरेसे कारण होते की नाही हेच शंकास्पद असते, तरीही चालकाच्या हाती वेगमर्यादा ओलांडल्याबद्दलचे तिकीट पडते. पुढे तो हे तिकीट न्यायालयात आव्हानित करू पाहतो, तेव्हा त्याच्या असे लक्षात येते की खटल्यातील निम्मा भाग आपण रस्त्यावर उभे असतानाच बोलून बसलो आहोत. हे कसे घडते, ते कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याच्या आधारे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभी शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीतील ‘तिकीट’ हा शब्द ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचाच दुसरा वंशज म्हणजे ‘एटिकेट’, अर्थात शिष्टाचार. मूळ अर्थ चिकटविलेली चिठ्ठी. त्याच कागदाचे औपचारिक नाव ‘सायटेशन’. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ बोलावणे, पाचारण करणे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो कागद दंडाची पावती नसून न्यायालयात हजर राहण्याचे बोलावणे आहे. आपल्याकडे मात्र ‘पावती फाडली’ असा वाक्प्रयोग रूढ आहे. पावती ही पैसे दिल्यानंतर मिळणारी वस्तू. आरोप, त्याचे उत्तर, पुरावा आणि निर्णय हे सारे टप्पे ह्या एका क्रियापदात गिळले गेले आहेत. मराठी भाषकाला तिकिटाविरुद्ध दाद मागता येते हेच प्रथम सुचत नाही, ह्याचे काही अंशी कारण ह्या वाक्प्रयोगात शोधावे लागेल. ‘चलान’ हा अलीकडे रूढ झालेला शब्दही फारसा वेगळा नाही. तोही मुळात भरणा किंवा माल रवाना करण्याच्या व्यवहारातला. वस्तुतः आपल्या 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातही, केवळ एका साक्षीदाराच्या मते वेग अधिक होता एवढ्यावरून कोणास दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक वा विद्युतसाधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. ही तरतूद किती जणांस ठाऊक असेल ?

आता मूळ संभाषणाकडे वळू. अधिकारी खिडकीपाशी येतो आणि विचारतो, “आपण किती वेगाने चालला होता, ह्याची आपल्याला कल्पना आहे ?” व्याकरणदृष्ट्या हा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारा प्रश्न आहे. तथापि ‘होय’ एवढेच उत्तर दिले तर ते उद्धटपणाचे वाटेल. ऐकणाऱ्याने आकडा सांगावा अशीच अपेक्षा त्यात आहे. शिवाय, मोटार थांबविलेली असल्यामुळे, वेग आक्षेपार्ह होता हे गृहीतकृत्य प्रश्नाच्या पाठीशी उभे असते. चालकाने काय उत्तर द्यावे ? ‘होय, 45 होता’ असे म्हटले तर मर्यादा 35 ची असल्यास ती कबुली झाली. ‘नाही, कल्पना नाही’ असे म्हटले तर कबुली झाली नाही. परंतु उद्या न्यायालयात ‘माझा वेग 35 च्या वर नव्हताच’ असे तो म्हणू लागला, तर ‘त्या वेळी आपणास कल्पना नव्हती, आज ती कोठून आली?’ असा प्रतिप्रश्न येतो. दोन्ही उत्तरे त्याच्या विरुद्ध जातात. प्रश्नाची रचनाच अशी आहे की, न बोलणे हा एक मार्ग सोडला तर बाहेर पडण्यास वाट नाही. आणि गप्प बसणे हा मार्ग कायद्याने मोकळा असला, तरी सामाजिक व्यवहाराच्या नियमांनी तो बंद केलेला असतो. कमरेला पिस्तूल लावून उभ्या असलेल्या माणसाने सभ्यपणे प्रश्न विचारला असता उत्तर न देणे, हे फार थोड्यांस जमते.

येथे कोणी विचारील, की पोलिसांनी प्रश्न विचारण्यापूर्वी गप्प राहण्याच्या हक्काची जाणीव करून देणे अमेरिकेत बंधनकारक नाही काय ? अमेरिकन चित्रपटांमुळे ही समजूत जगभर पसरली आहे. परंतु बर्केमर विरुद्ध मकार्टी ह्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली असे ठरविले, की वाहतुकीच्या साध्या नियमभंगासाठी रस्त्यावर थांबविलेला चालक त्या अर्थाने ‘ताब्यात’ नसतो. म्हणून तशी पूर्वसूचना देण्याची आवश्यकता नाही. त्याने दिलेली उत्तरे पुराव्यात येऊ शकतात. ती अनेकदा तिकिटाच्या मागील बाजूस अधिकाऱ्याने केलेल्या टिपणांतून येतात. न्यायालयाने आपल्या निर्णयात दिलेली कारणे भाषाभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहेत : हे थांबणे अल्पकाळाचे असते आणि ते चारचौघांच्या देखत असते, म्हणून त्यात ठाण्यातील चौकशीसारखे दडपण नसते, असे तेथे म्हटले आहे. दडपण हे स्थळकाळावर अवलंबून असते हे खरे; परंतु ते वाक्यरचनेतूनही निर्माण होते, ही गोष्ट त्या विवेचनात जवळजवळ आलेलीच नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2022 साली संमत केला आणि तो 1 जानेवारी 2024 पासून अमलात आला. त्यानुसार वाहन थांबविणाऱ्या अधिकाऱ्याने नियमभंगासंबंधी वा गुन्ह्यासंबंधी काही विचारण्यापूर्वी थांबविण्याचे कारण सांगितले पाहिजे, आणि तेच कारण तिकिटावर किंवा अहवालात नमूद केले पाहिजे. जीविताला वा मालमत्तेला तात्काळ धोका असेल तेवढाच अपवाद. “आपणास का थांबविले, माहीत आहे ?” ह्या प्रश्नाला त्यामुळे आरंभीचे स्थान उरले नाही. हा बदल वरवर शिष्टाचाराचा वाटेल. वस्तुतः तो संभाषणातील क्रमाचा बदल आहे. पूर्वी आरोपाचे नाव चालकाने घ्यावे अशी योजना होती. आता ते अधिकाऱ्याने घ्यावयाचे आहे. गृहीतकृत्य प्रश्नात दडून राहण्याऐवजी विधान म्हणून उघड मांडले जाते, आणि विधान नाकारता येते, गृहीतकृत्य नाकारणे मात्र फार अवघड असते. तथापि येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे : कारण न सांगितल्यास तिकीट आपोआप रद्द होईल असे ह्या कलमात म्हटलेले नाही.

आरंभीच्या ह्या काही शब्दांना किती महत्त्व आहे, हे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. ओकलंड शहरातील पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांनी टिपलेली 981 प्रसंगांतील संभाषणे स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉब व्हॉइट, डॅन जुराफ्स्की, जेनिफर एबरहार्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी तपासली आणि आपले निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध केले. 245 अधिकाऱ्यांच्या 36,738 उक्ती त्यांनी पाहिल्या. आदरदर्शक संबोधन, दिलगिरी, कारण सांगणे, आज्ञार्थी क्रियापद अशा भाषिक खुणांवरून प्रत्येक उक्तीचे मोजमाप त्यांनी केले. गोऱ्या चालकांशी बोलताना वापरलेली भाषा कृष्णवर्णीय चालकांशी बोलताना वापरलेल्या भाषेपेक्षा सातत्याने अधिक आदराची होती; आणि अधिकाऱ्याचा वर्ण, थांबविण्याचे कारण, स्थळ व परिणती हे घटक हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरत होता. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय चालकांना थांबविल्याच्या 577 प्रसंगांतील अधिकाऱ्यांचे पहिले सुमारे 45 शब्द तेवढे तपासले. ज्या प्रसंगांची अखेर झडती, बेड्या किंवा अटक ह्यांत झाली, त्यांत आरंभीच आज्ञा आढळे व कारण आढळत नसे, असे प्रमाण अधिक होते. कारण सांगणे ही उक्ती केवळ माहिती देत नाही. ऐकणाऱ्याला ती कारण समजून घेण्यास पात्र ठरविते.

आता खटल्याच्या अंगाकडे वळू. येथे सर्वसामान्य चालक, आणि पुष्कळदा त्याला सल्ला देणारे हितचिंतकही, दोन निराळे प्रश्न एकच समजतात. एक, मोटार थांबविणे कायदेशीर होते काय ? दुसरा, वेग बेकायदेशीर होता काय ? अधिकारी तुसडेपणाने बोलला, त्याने उगाच छळले, ही तक्रार खरी असली तरी ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. अधिकाऱ्याने रडारवर आकडा पाहिला तो मोटार थांबविण्यापूर्वी. थांबविणे सदोष असले तरी तो आकडा त्या दोषातून जन्मलेला नाही, उलट थांबविण्याचे कारण तोच आहे. ह्याच्या उलट चालकाने उच्चारलेले शब्द थांबविल्यानंतरचे, म्हणून थांबविण्यातील दोषाचा परिणाम झाला तर त्यांच्यावरच व्हावयाचा. तात्पर्य, शंकास्पद थांबवणुकीचा मुद्दा वेगाच्या मोजणीपेक्षा बोलण्याच्या पुराव्याविरुद्ध अधिक उपयोगी पडतो.

थांबविणे सदोष ठरविणेही सोपे नाही. ह्या बाबतीत हाइन विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना हा 2014 चा खटला भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. एका मोटारीच्या मागील दोन थांबादिव्यांपैकी एकच लागत होता, म्हणून ती अडविण्यात आली. राज्याच्या कायद्यात मात्र वाहनाला थांबादिवा असावा असे एकवचनात, अनिश्चित उपपदासह लिहिलेले होते. म्हणून एक दिवा पुरेसा, असे राज्याच्या अपील न्यायालयाने ठरविले. त्याच कलमात पुढे थांबादिवा ‘इतर’ मागील दिव्यांबरोबर एकत्र बसविता येईल असे वाक्य आहे, आणि दुसऱ्या पोटकलमात सर्व मूळचे मागील दिवे चालू असावेत असे म्हटले आहे. ‘इतर’ ह्या शब्दामुळे थांबादिवाही मागील दिव्यांत मोडतो, आणि मग दोन्ही दिवे चालू हवेत असाही अर्थ निघतो. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी असे ठरविले, की अधिकाऱ्याचा कायद्याचा अर्थ चुकला असला तरी ती चूक वाजवी होती; तेव्हा थांबविणे वैध. मराठीत हा पेच जरा वेगळा झाला असता. आपल्या भाषेत उपपद नाही. ‘दिवा असावा’ म्हटले तर संख्येविषयी आग्रह राहत नाही, आणि ‘एक दिवा असावा’ म्हटले तर तो संख्यावाचक होतो. परंतु न्यायाचा प्रश्न भाषेपलीकडचा आहे. कायद्याच्या संदिग्धतेचा फायदा अधिकाऱ्याला मिळतो. ‘मलाही कायदा असाच समजला होता’ असे म्हणणाऱ्या चालकाला मात्र, कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, असे ऐकावे लागते. ह्या विषमतेचे समाधानकारक समर्थन त्या निर्णयात सापडत नाही.

वेगाच्या प्रश्नाबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा दोन प्रकारच्या मर्यादा मानतो. महामार्गावरील 65 मैलांची कमाल मर्यादा निरपेक्ष आहे. ती ओलांडली की नियमभंग झाला. शहरांतील अनेक मर्यादा मात्र प्रथमदर्शनी स्वरूपाच्या आहेत. त्यांच्या मुळाशी असलेला नियम म्हणतो, की हवामान, दृश्यता, रहदारी आणि रस्त्याची रुंदी व पृष्ठभाग लक्षात घेता वाजवी व विवेकाचा असेल त्यापेक्षा अधिक वेगाने कोणी जाऊ नये. पाटीवरील आकडा ओलांडला तर वेग अवाजवी होता असे प्रथमदर्शनी मानले जाते. परंतु तसे नव्हते हे पुराव्याने दाखविण्याची मुभा चालकाला असते. त्यामुळे एक चमत्कारिक परिणाम घडतो. “सगळ्या गाड्या त्याच वेगाने चालल्या होत्या” हे वाक्य घ्या. 65 च्या महामार्गावर ते वाक्य कबुली आहे, दुसरे काही नाही. 35 च्या प्रथमदर्शनी मर्यादेच्या रस्त्यावर तेच वाक्य बचाव ठरू शकते, कारण रहदारीचा विचार कायद्यानेच करावयास सांगितला आहे. शब्द तेच, क्रम तोच. अर्थ ठरतो तो तिकिटावर लिहिलेल्या कलमाच्या क्रमांकावरून. चालकाने तिकीट हाती पडताच प्रथम रक्कम न पाहता हा क्रमांक पाहावा, हे ह्यासाठी.

‘स्पीड ट्रॅप’ म्हणजे वेगसापळा ह्या शब्दाची गंमतही अशीच आहे. लोकव्यवहारात झुडपाआड दडून बसलेला पोलीस म्हणजे सापळा. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत त्याचा अर्थ निराळा आहे. प्रथमदर्शनी मर्यादा असलेल्या रस्त्यावर रडार वा तत्सम विद्युतसाधनाने वेग मोजला, आणि ती मर्यादा अभियांत्रिकी व वाहतूक पाहणीने समर्थित नसेल, तर तो सापळा. ही पाहणी सामान्यतः पाच वर्षांच्या आतील असावी लागते. काही अटी पुऱ्या झाल्यास हा अवधी वाढतो. स्थानिक रस्ते व शाळांचा परिसर ह्यांना अपवाद आहेत. पाहणीत प्रत्यक्ष चालणाऱ्या वाहनांचे वेग, अपघातांच्या नोंदी आणि चालकाला सहज न दिसणाऱ्या रस्त्याच्या अडचणी ह्यांचा विचार होतो. शेकडा 85 वाहने ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग त्यात महत्त्वाचा धरतात. असा सापळा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार अभियोगपक्षावर आहे, आणि सापळ्याने मिळविलेल्या वेगाविषयी साक्ष देण्यास अधिकारी अपात्र ठरतो. आता एखादा चालक न्यायाधीशापुढे ‘हा सापळा होता’ असे म्हणून झुडपाचे वर्णन करू लागला, तर त्याचा युक्तिवाद वाया जातो, कदाचित योग्य अर्थाने सापळा असूनही. न्यायशास्त्रात ‘नव’ शब्दाच्या ‘नवा’ आणि ‘नऊ’ ह्या दोन अर्थांवर उभारलेले वाक्छलाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. येथे छल करणारा कोणी नाही; परंतु हानी तीच होते.

ज्याला न्यायालयात जाणे शक्य नाही, त्याला कॅलिफोर्नियात लेखी निवेदनाने खटला चालविता येतो. दंडाइतकी रक्कम अनामत भरावी लागते. चालक व अधिकारी दोघेही आपापली हकीकत लिहून पाठवितात, आणि न्यायालय कागदांवरून निर्णय देते. निर्णय विरुद्ध गेला तर 20 दिवसांत नव्याने प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. अशा किरकोळ अपराधांस ज्यूरी नाही व सरकारी वकीलही मिळत नाही, परंतु दोषसिद्धी वाजवी संशयापलीकडे व्हावी लागते. म्हणजे दोन कथने समोरासमोर येतात आणि आवाज, चेहरा, अदब ह्यांतील काहीही न्यायाधीशासमोर नसते. असते ती केवळ लिखित भाषा. येथे अधिकाऱ्याचे पारडे सहज जड होते, कारण त्याच्यापाशी घडविलेली शैली आहे. आपल्याकडील पंचनाम्यातील ‘सदरहू इसम’ जसा ओळखता येतो, तशीच इंग्रजी पोलिसी शैलीही ओळखता येते. डेरेक बेंटली ह्या तरुणास 1953 साली लंडनमध्ये फाशी देण्यात आले, आणि 1998 साली ती दोषसिद्धी रद्द झाली. त्याच्या तथाकथित जबानीत ‘नंतर मी’ ह्या नेहमीच्या क्रमाऐवजी ‘मी नंतर’ हा क्रम वारंवार येतो, आणि तो पोलिसी लेखनाचा विशेष आहे, असे माल्कम कूल्थर्ड ह्यांनी दाखविले. वेगाच्या तिकिटाची त्या प्रकरणाशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु काटेकोर कालक्रम, अंतराचे आकडे आणि भावनेचा अभाव ही लक्षणे सत्याची नसून एका लेखनप्रकाराची आहेत, हे वाचणाऱ्याने जाणले पाहिजे. चालकाच्या लेखनाचा दोष नेमका उलटा असतो. संताप, स्वतःच्या सचोटीची ग्वाही, आणि मध्येच एखादे ‘मी फक्त 42 ने जात होतो’. त्या ‘फक्त’ने आपला वेग आपल्याला ठाऊक होता, आणि तो मर्यादेहून थोडा तरी अधिक होता, ह्या दोन्ही गोष्टी मान्य होतात.

परभाषेतून येणाऱ्या चालकाची अडचण आणखी बारीक आहे, आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी भाषकांची संख्या पाहता ती येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीत नकारार्थी प्रश्नाचे उत्तर वस्तुस्थितीनुसार देतात : “आपण पाटी पाहिली नाही ?” ह्याला, पाहिली नसल्यास, ‘नो’. मराठीत ‘हो, नाही पाहिली’ असे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. येथे ‘हो’ हा विचारणाऱ्याच्या विधानाला दिलेला होकार असतो. हीच सवय इंग्रजीत आली आणि पुढचे शब्द तोंडातच राहिले, तर पाटी पाहूनही वेग वाढविला अशी नोंद होते. शिवाय मराठी माणूस ऐकत असल्याची खूण म्हणून ‘हो, हो’ म्हणत राहतो. बोलणाऱ्याचे म्हणणे मान्य आहे असे त्यातून त्याला सुचवावयाचे नसते. तीच गोष्ट ‘सॉरी’ची. आपल्या बोलण्यात तो शब्द आता प्रसंगातील ताण सैल करण्यापुरता उरला आहे. अधिकाऱ्याच्या टिपणात मात्र ‘चालकाने दिलगिरी व्यक्त केली’ असे वाक्य उतरते.

संभाषण संपले केव्हा, हेही नेहमी स्पष्ट नसते. ओहायो विरुद्ध रॉबिनेट ह्या खटल्यात चालकास 45 मैलांच्या मर्यादेत 69 मैल वेगाबद्दल थांबविले होते. अधिकाऱ्याने समज दिली, परवाना परत केला, आणि मग जाण्यापूर्वी एकच प्रश्न म्हणून, गाडीत काही अवैध वस्तू आहे काय असे विचारले; पाठोपाठ झडतीची परवानगी मागितली. ‘आपण आता जाण्यास मोकळे आहात’ असे सांगितल्यावाचून विचारलेल्या परवानगीला अर्थ नाही, असे राज्याच्या न्यायालयाचे मत होते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ते अमान्य केले. ‘जाण्यापूर्वी’ ह्या एका शब्दात, प्रश्नाचे उत्तर मिळाल्यानंतरच जाणे होईल, हा क्रम बांधलेला आहे. तो क्रम ऐकणाऱ्याला कळतो. निकालात तो दिसत नाही.

उलट जेथे कायद्याने शब्द स्वतः लिहून दिले आहेत, तेथे चालकच ते वाचत नाही. कॅलिफोर्नियाच्या तिकिटावर सहीच्या जागेपाशी छापलेले असते, की अपराध मान्य न करता ठरल्या वेळी हजर राहण्याचे वचन ही सही देते. सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे अशा समजुतीने पुष्कळजण हुज्जत घालतात, आणि सही नाकारल्यास अधिकारी त्यांना अटक करून न्यायाधीशापुढे नेऊ शकतो. त्या सबंध प्रसंगात उच्चारलेल्या व लिहिलेल्या वाक्यांपैकी चालकाच्या बाजूचे असे हे बहुधा एकच वाक्य असते.